फ्लेमिंगोचा बाप

स्वतःच्या मुलीने केलेली फिल्म आधी स्वतः बघावी आणि मगच तिची सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात करावी, एवढी साधी गोष्ट मला साठी उलटल्यावर कळली. तोवर जाहिरात होऊन गेली होती. "आपल्या सईने बनवलेली, खास मुलांसाठी, फ्लेमिंगोंवरची कार्टून फिल्म. उन्हाळी शिबिराच्या समारोपाला क्लबहाऊसमध्ये. मुख्य भूमिकेत (आवाज) जयप्रकाश आणि रज्जाक." आवाज हा शब्द मी मुद्दाम कंसात टाकला होता, कारण कंसातलं कोणी वाचत नाही. खरंच कोणी वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यानेसुद्धा मला "काका, हीरो झालात म्हणे" असं विचारलं, आणि मी नाही म्हटलं नाही.

सई ऐरोलीला एका अॅनिमेशनच्या कंपनीत आहे. तिथे ती दिवसभर दुसऱ्यांच्या कार्टूनमधली झाडं हलवते. सुट्टीच्या दिवशी ती आणि तिची मैत्रीण जाई मिळून स्वतःची फिल्म करत होत्या. चित्रं जाईची, गोष्ट सईची आणि आवाज घरचेच. जाई मुलगी फार गुणी. इतकी की मी माझ्या चुलतभावाच्या अभिरामसाठी तिला सुचवलंही होतं. अभिरामचा फोटो मी तिला स्वतः दाखवला, तेव्हा ती आणि सई एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की मला वाटलं, अभिरामच्या मिशीला हसतायत.

रेकॉर्डिंग आमच्या बेडरूमच्या कपाटात झालं. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या होत्या. मी आणि रज्जाक आळीपाळीने आत उभे राहून घाम पुसत वाक्यं म्हणायचो. वाक्यं सगळी सुटी, मागची पुढे आणि पुढची मागे. "आलो रे, ऊठ आता, मी बसतो." "काही त्रास दिला का?" "वारा सुटलाय, जपून बस." रज्जाक उरणचा. आम्ही दोघांनी द्रोणागिरीच्या एका गोदामात उलट्यासुलट्या शिफ्टमध्ये सुपरवायझरकी केली. मी जायचो तेव्हा तो निघायचा. उभ्या नोकरीत आमचं बोलणं झालं ते चार्ज देताघेताना, आणि ते साधारण याच वाक्यांत झालं. त्यामुळे सईने आमच्या नोकरीवरच फिल्म काढलीय, असं मी धरून चाललो आणि मनातून फुलून गेलो.

एकच वाक्य तिने माझ्याकडून परत परत म्हणून घेतलं. "पुरे नाही का?" एवढंच ते वाक्य. "बाबा, रागावून नको. खरंच विचारल्यासारखं म्हणा." मी विचारल्यासारखं म्हटलं. "अजून एकदा." माझा आवाज नीट येत नसेल, असं मला वाटलं.

फिल्म तयार झाल्यावर ती रोज लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसायला लागली. "बाबा, दहाच मिनिटं आहेत. आपण दोघं बसून बघू या ना." मी म्हणायचो, "छे! अशी छोट्या पडद्यावर बघून मजा घालवायची नाही. हॉलमध्ये, सगळ्यांबरोबर बघणार." मला वाटायचं की मी तिचा मान वाढवतोय. ती लॅपटॉप मिटायची आणि माझी बायको मीना स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायची. मीनाचे बरेच कटाक्ष मला संसारात पाठ झालेत, हा मात्र नवा होता.

आता परवानगीकडे वळतो. आमचे चेअरमन हौसेराव साताऱ्याकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाण्यालाही अर्ज केल्याशिवाय पुढे सोडायचं नाही, ही सवय त्यांनी सोसायटीत आणली. क्लबहाऊससाठी आधी सांस्कृतिक समितीची शिफारस लागते. गेल्या नवरात्रात दांडियाच्या गाण्यांवरून भांडण होऊन बाकीच्यांनी राजीनामे दिल्यापासून समितीत मी एकटाच उरलोय. तेव्हा मी मला अर्ज केला, मी त्यावर विचार केला आणि शिफारस केली. ती घेऊन खजिनदार कमळाकरांकडे गेलो, तर ते म्हणाले, "शिफारस ठीक आहे हो, पण फिल्म कोणी बघितलीय?"

"अख्खी मी केलीय," मी म्हणालो.

"बघितलीय का?"

म्हणून मग सोसायटीच्या ऑफिसात ट्रायल ठरली. हौसेराव, कमळाकर, रज्जाक आणि मी, असे चौघं पाण्याच्या मोटरच्या आवाजात लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर आपलं सीवूड्समागचंच तळं होतं. मागे इमारती, पुढे गुलाबी पक्षी. जाईने चित्रं अशी काढली होती की हौसेरावसुद्धा वा म्हणाले. मग दोन फ्लेमिंगो समोरासमोर आले, माना लांब करून डावीउजवीकडे नाचवायला लागले आणि नाचता नाचता एकाने दुसऱ्याच्या मानेवर मान ठेवली. मग एकाच्या चोचीतून माझा आवाज आला आणि दुसऱ्याच्या चोचीतून रज्जाकचा.

"जयप्रकाशराव," हौसेराव म्हणाले, "ह्यातली मादी कोणती हो?"

"येईल की पुढे," मी ठामपणे सांगितलं.

पुढे भरती आली, एक घरटं वाहून गेलं आणि बेवारशी अंडं त्या दोघांना सापडलं. दोघं त्यावर पाळीपाळीने बसायला लागले. नवा पक्षी दिसला की मी आशेने खुर्चीत पुढे सरकायचो. एक बदक आलं आणि निघून गेलं. एक टिटवी आली, ओरडली आणि तीही गेली. अंडं फुटलं, पिल्लू बाहेर आलं आणि त्याने पहिली हाक मारली, "बाबा!" दोघांनीही मान वळवली. मग तळ्यावरचा एक म्हातारा, पोक आलेला बगळा ठसक्यात विचारतो, "याची आई कुठाय?" रज्जाक म्हणतो, "आई नाही. आम्ही दोघं आहोत." आणि मी म्हणतो, "पुरे नाही का?"

फिल्म संपली. मोटरही नेमकी तेव्हाच बंद पडली. रज्जाक एवढंच म्हणाला, "माझा आवाज लय बारीक येतो रे जेपी."

"मला वैयक्तिक काही प्रॉब्लेम नाही," हौसेराव म्हणाले, "पण सोसायटी आहे. लहान लेकरं बसणार समोर."

कमळाकरांचा या विषयात अभ्यास निघाला. ते नातीबरोबर रोज कार्टून बघतात. "परदेशी पिक्चरमध्ये हल्ली असतं असलं. पण ते कसं शहाण्यासारखं दाखवतात! मागे गर्दीत दोन बायका हात धरून उभ्या, डोळा मिटेस्तोवर संपलं. ज्याला दिसलं त्याला दिसलं. हे तर सगळा वेळ तेच! तेच हीरो!"

"मुख्य भूमिका," मी क्षीणपणे म्हणालो.

मग सूचना आल्या. कमळाकर म्हणाले, एकाला काका करा. हौसेराव म्हणाले, आई वारली म्हणा. त्यावर पोरं रडतील आणि शिबिराच्या समारोपाला कोणी रडवू नये, असं ठरलं. तेवढ्यात तळमजल्याच्या यशोदाबाई पाण्याची तक्रार घेऊन आल्या आणि विषय कळताच तक्रार विसरून बसल्याच. "अहो सोप्पंय, आई बाळंतपणाला माहेरी गेली म्हणा."

"यशोदाबाई, अंडं इथं आहे," मी म्हणालो. "बाळंतपण कसलं?"

"मग दुबईला पाठवा नोकरीला."

"दुबईला आमचे बाप्ये जातात," रज्जाक म्हणाला, पण त्याचं कोणी ऐकलं नाही. हौसेरावांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. सदर दोन्ही पक्षी परस्परांचे चुलत बंधू असून पिल्लाची माता नोकरीनिमित्त परगावी आहे, असे गृहीत धरून चित्रपटास परवानगी देण्यात येत आहे. बगळ्याचा प्रश्न आला की कमळाकरांनी रिमोटने आवाज बंद करायचा आणि आवाज तोच हवा म्हणून आम्ही दोघांनी माईकवर नवीन उत्तर म्हणायचं. मान्य नसेल तर हॉल मिळणार नाही. मी मान डोलावली. नोकरीत असताना युनियन आणि मालक दोघांसमोर मी अशीच डोलावत असे, त्यामुळे ती आपोआप हलते.

घरी आलो तर मीना कोथिंबीर निवडत होती. "तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"हो."

"फिल्ममध्ये काय आहे ते?"

"फिल्ममध्ये काय आहे ते पण."

त्या 'पण'वर मी खाली बसलो. "म्हणजे?"

"म्हणजे काय ते सई सांगेल. मी नाही सांगणार. महिनाभर पोरगी तुमच्यासमोर बसतेय आणि तुमचं आपलं पडदा, पडदा!"

अभिरामचा फोटो डोळ्यांसमोर आला आणि सगळं एकदम लख्ख कळलं. सई आणि जाई. चिपळूणचा मोठा भाऊ काय म्हणेल, आमच्यानंतर सईचं कोण बघेल, कोणी रस्त्यात काही बोललं तर, आणि सोसायटीत... खरं सांगतो, मला आधी सोसायटीची भीती वाटली आणि मुलीची नंतर. हा क्रम मलाच आवडला नाही, पण तो तसाच होता. ठरावाचं मीनाला सांगितलं तेव्हा तिने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली.

"तुम्ही माईकवर जे बोलाल ना, ते तिला तिचंच उत्तर वाटेल," ती म्हणाली. "परत विचारणार नाही ती. एवढं डोक्यात ठेवा आणि मग काय बोलायचं ते बोला."

मी ताबडतोब सईच्या खोलीत गेलो. ताबडतोब म्हणजे आधी चहा घेतला, मग कुंड्यांना पाणी घातलं, मग गेलो. ती पोस्टर रंगवत होती. "सई," मी म्हणालो, "ही गोष्ट तुला सुचली कशी?" तिने ब्रश बाजूला ठेवला.

"लहानपणी तुम्ही मला कार्टून लावून द्यायचात ना बाबा? सगळ्यात शेवटी राजपुत्र यायचा. मी दर वेळी वाट बघायचे, की एखाद्यात तरी नाही येणार. मोठी झाले तेव्हा कुठेतरी एका सेकंदापुरतं काहीतरी दिसलं. मी ते मागे घेऊन घेऊन बघितलं. तोवर मला वाटायचं, माझंच बघण्यात काहीतरी चुकतंय." तिने वर पाहिलं. "बाबा, मला तुम्हाला..."

"प्रोजेक्टरची वायर मिळाली का?" मी विचारलं.

कोणी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मिळाली," आणि परत रंगवायला लागली. मी बाहेर येऊन कुंड्यांना परत पाणी घातलं.

सकाळच्या फिरण्यात मी आणि रज्जाक तळ्याकाठी तालीम करायला लागलो. "आम्ही चुलत भाऊ!" मी ओरडायचो. "याची आई दुबईला!" रज्जाक ओरडायचा. पळायला आलेली माणसं कानातली बटणं काढून आमच्याकडे बघायची. समोर खरे फ्लेमिंगो एका पायावर उभे असायचे. त्यातला नर कोणता आणि मादी कोणती, हे मला आजवर ओळखता आलेलं नाही आणि त्यावाचून कधी अडलंही नव्हतं.

"जेपी, एक इचारू?" रज्जाक म्हणाला. "पिक्चरमदी आपन वाईट काय करतो? अंडा सांभालतो. आख्खा जलम दुसरा काय केला आपन? मी रातचा, तू दिसाचा."

"ते गोदाम होतं रे."

"घरवाली जैनब तर बोलली, घरात पोरांचा डबा कदी भरला नाय, पिक्चरमदी बरा बसतोस अंड्यावर!" तो हसला, मग गंभीर झाला. "सईची गोष्ट हाय ना ही? मना समजला त्या दिवशीच. तू बापूस हायस. तू बोलशील तसा मी बोलेन."

हे ऐकून माझं ओझं हलकं व्हायला हवं होतं. उलट आता दोन माणसांचं वाक्य माझ्या एकट्याच्या डोक्यावर आलं. त्यानंतर मला जेवण जाईना. पोट बिघडलं. औषधवाल्याने परीक्षेचं टेन्शन असलेल्या मुलांना देतात ते सरबत दिलं.

समारोपाचा दिवस उजाडला. क्लबहाऊस पोरांनी, आयांनी आणि समोशांच्या वासाने भरून गेलं. सई प्रोजेक्टरपाशी उभी होती आणि तिच्या शेजारी जाई. दोघींच्या मध्ये एक हात अंतर होतं आणि ते अंतर त्यांनी मोजूनमापून ठेवल्यासारखं मला पहिल्यांदाच दिसलं. माझ्या हातात माईक बघून सई म्हणाली, "बाबा, माईक कशाला?" मी म्हणालो, "आभारप्रदर्शन." यापेक्षा मोठं खोटं मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

दिवे गेले, तळं आलं. पोरांनी आपल्या इमारती ओळखल्या आणि आरडाओरडा केला. माना नाचल्या. मागच्या रांगेत कुजबुज झाली. एक गृहस्थ आपल्या मुलाला उठवून घेऊन गेले. मुलगा जाताना समोसा मागत होता. अंडं फुटलं, "बाबा!" झालं, दोघांनी मान वळवली आणि पोरं हसली. मी माईक दोन्ही हातांनी धरला.

कमळाकरांचा रिमोट घाईचा निघाला. बगळा यायच्या आधीच त्यांनी आवाज बंद केला. बगळा आला, त्याने चोच उघडून काहीतरी विचारलं, ते कोणालाच ऐकू आलं नाही. रज्जाकच्या फ्लेमिंगोने चोच हलवली, माझ्यानेही हलवली. "आवाज! आवाज!" पोरं ओरडायला लागली. कमळाकर घाबरून भलतंच बटण दाबून बसले आणि चित्र तिथेच थांबलं. पडद्यावर दोन फ्लेमिंगो, मध्ये पिल्लू आणि समोर चोच वासून बगळा. खाली हौसेराव मला हाताने खुणा करत होते. बोला, बोला!

मी सईकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती. वायर मिळाली, असं त्या दिवशी म्हणाली होती ना, अगदी तसाच चेहरा होता. तो चेहरा मला आयुष्यभर बघावा लागेल, या भीतीपुढे बाकीच्या सगळ्या भीती मागे पडल्या. धैर्य वगैरे काही नव्हतं. एका भीतीने दुसरीला ढकललं, इतकंच झालं.

"बगळेसाहेब विचारतायत," मी माईकवर म्हणालो. माझा आवाज रज्जाकपेक्षा बारीक निघाला. "की याची आई कुठाय. तर आई नाही. आम्ही दोघं आहोत." माईक किंचाळला. मी तो लांब धरला. "पुरे नाही का?"

"पुरे हाय!" रज्जाक जागेवरूनच गरजला. असं वाक्य फिल्ममध्ये नव्हतं.

हौसेराव उभे राहिले, बसले आणि परत उभे राहिले. यशोदाबाई पहिल्या रांगेतून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "दोन दोन बाप्ये अंड्यावर बसतात! आमच्याकडं एक बसला नाही हो." आया हसल्या. तेवढ्यात जाईने कमळाकरांच्या हातातून रिमोट घेतला आणि फिल्म पुढे सुरू केली. संपल्यावर टाळ्या वाजल्या, पण सगळ्यांनी वाजवल्या असं मी म्हणणार नाही. त्याच संध्याकाळी तीन जणांनी काही न बोलता ग्रुप सोडला आणि हौसेरावांनी सांस्कृतिक समितीकडून खुलासा मागवला. समितीत मी एकटाच असल्यामुळे तो अजून विचाराधीन आहे.

हॉल रिकामा झाल्यावर सई वायर गुंडाळत होती. जाई समोशांचे द्रोण गोळा करायच्या निमित्ताने लांब गेली. मी एका छोट्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसलो. खुर्ची पोरांची होती, गुडघे हनुवटीला लागले.

"सांग," मी म्हणालो. "त्या दिवशी काय सांगत होतीस ते."

तिने सांगितलं. माझ्यासमोर जमिनीवर बसून, वायर हातात तशीच धरून, सगळं सांगितलं. मला ते आधीच कळलेलं होतं, तरी तिच्या तोंडून ऐकताना नवीनच वाटलं. मी मध्ये काहीही विचारलं नाही. शेवटी म्हणालो, "मला फार भीती वाटतेय गं."

"मला पण," ती म्हणाली.

"जाईच्या घरी माहितीय?"

"अजून नाही. तिचे बाबा पनवेलला असतात. ती सांगणार आहे."

पनवेल म्हटल्यावर मला नवीनच काळजी लागली. मी मुलीचा बाप. मुलीच्या बापाने आधी समोरच्यांच्या घरी जायचं, खाली मान घालून बसायचं आणि ते म्हणतील त्याला हो म्हणायचं, हे मी घरात बघत आलोय. सई जन्मली त्या दिवसापासून मी त्याची तयारी ठेवली होती. आता समोरचाही मुलीचाच बाप. तोही बिचारा तशीच तयारी करून बसला असणार.

"मग आधी कोणी कोणाकडे जायचं?" मी तिला विचारलं. "आणि खाली मान कोणी घालायची?"

सई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग वायर टाकून तिने माझ्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं.

"कोणीच नाही, बाबा," ती म्हणाली. "कोणीच नाही घालायची."

माझ्या मानेला फार वर्षांची सवय आहे, तिला हे जमेल की नाही कोण जाणे. पण जाईला येत्या रविवारी जेवायला बोलव, एवढं मात्र मी तिला तिथेच सांगून टाकलं.